बाभळीचे सहा टेकू

नोकरीतल्या पुष्कळ गोष्टी मी विसरलो, काही मुद्दाम विसरलो. पण कसब्याच्या कडेला पडलेल्या त्या भिंतीची घटना विसरू म्हटले तरी विसरता येत नाही. फार मोठा तपास लावला म्हणून नव्हे. चुकीच्या माणसापाशी तपास थांबवून मी मोकळा होणार होतो म्हणून. एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या अटकेचे कागद माझ्या टेबलावर तयार होते, फक्त माझी सही राहिली होती, आणि ती करायला मी पेनाचे टोपण काढलेही होते.

आठवण पुन्हा वर यायला निमित्त झाले मुलीच्या गावाचे. ती इंग्लंडमधल्या एका जुन्या गिरणगावात नोकरीला आहे. निवृत्तीनंतर आम्ही दोघे तिच्याकडे दोन महिने राहून आलो. जिकडे पाहावे तिकडे काळवंडलेल्या दगडाच्या गिरण्या, गोदामे, उंच धुराडी. गिरण्या केव्हाच बंद पडल्या आहेत, पण इमारती संरक्षित यादीत असल्यामुळे त्यांना हात लावायची कोणाची टाप नाही. मुलीच्या शेजाऱ्याला खिडकीची एक चौकट बदलायची होती, तर तो बिचारा महिनोन् महिने अर्ज करीत होता. जावई म्हणाले, "बाबा, इथे भिंतीला खिळा मारायचा तरी आधी विचारावं लागतं." मी म्हणालो, "आमच्याकडे विचारत बसत नाहीत. भिंतच पाडतात." ते हसले. मग मी त्यांना ही हकीकत सांगितली, आणि त्यांचे हसणे थांबले.

तेव्हा मी पुण्याच्या जुन्या भागातल्या एका ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. निवृत्तीला थोडी वर्षे उरली होती. आमच्या हद्दीतल्या गल्ल्या अशा की सरकारी गाडी चौकीपाशी उभी करून पुढे पायीच जावे. अशाच एका गल्लीच्या टोकाला इंग्रजांच्या काळातला तांब्या-पितळेचे पत्रे करण्याचा कारखाना होता. काळ्या दगडाच्या भिंती, कमानीच्या खिडक्या, मागे विटांचे धुराडे. आतले लोखंडी खांब विलायतेहून बोटीने आलेले, त्यांच्यावर ओतीव इंग्रजी अक्षरे होती. पत्र्याचे काम कधीच बंद झाले होते. पुढच्या पडवीत दोन तांबट भाड्याने बसत, त्यांचे ठोके दिवसभर ऐकू येत. मागच्या खोलीत वॉचमन राहत असे. तो विदर्भातून आलेला, साठीच्या आसपासचा, एकटा माणूस.

ही इमारत शहराच्या वारसा यादीत होती. वारसांनी ती एका बिल्डरला दिली होती आणि बिल्डर यादीपुढे अडला होता. यादीतली इमारत पाडता येत नाही. मात्र तिचा एखादा भाग आपण होऊन पडला, तर उरलेली धोकादायक ठरू शकते, आणि धोकादायक इमारत उतरवून घ्यायची परवानगी मिळू शकते. ही पळवाट मला त्या वेळी माहीत नव्हती. ज्यांना तिचा उपयोग होता, त्यांना माहीत होती.

मार्च महिना होता. पावसाचा थेंब नाही, वारा नाही. दुपारी चारच्या सुमारास नियंत्रण कक्षाचा निरोप आला की कारखान्याची मागची भिंत कोसळली, एक इसम खाली सापडला आहे. आम्ही पोचेपर्यंत गल्लीतल्या लोकांनी वॉचमनला बाहेर काढले होते. डावा पाय मांडीपासून चेचला होता आणि डोक्याला मार होता. तो शुद्धीवर नव्हता. त्याला सरकारी रुग्णालयात पाठवले आणि मी भिंतीकडे वळलो. दोन पुरुष उंचीची भिंत मुळापासून बसली होती. दगड, चुना आणि वरून उतरलेली कौले यांचा मोठा ढीग झाला होता.

त्या दिवशी अमावास्या होती. तांबटांची सुटी, त्यामुळे पडवी रिकामी होती. नाहीतर आणखी दोनतीन माणसे आत असती. पंचनामा लिहिताना माझ्या रायटर हवालदाराला ढिगाच्या एका टोकाला फुटका नारळ दिसला. शेजारी एका दगडावर हळदकुंकवाची बोटे ओढलेली आणि विझलेली उदबत्ती.

"साहेब, हे घ्यायचं का पंचनाम्यात?" त्याने विचारले.

"अमावास्येचा उतारा असेल कोणाचा तरी," मी म्हणालो. "त्याचं काय लिहिता? पुढे चला."

सत्तावीस वर्षांच्या नोकरीचा अनुभव त्या एका वाक्यात होता, आणि तो अनुभव साफ चुकला होता. पंचनाम्यात दगड आले, कौले आली, वॉचमनची एक चप्पल आली. नारळ आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या ठोक्याला बिल्डरचा साइट सुपरवायझर ठाण्यात हजर. तिशीचा, चटपटीत, हातात प्लॅस्टिकची फाइल. भिंत जुनी होती, आपोआप पडली, वॉचमनच्या औषधपाण्याचा खर्च आम्ही करू, उरलेली इमारत लोकांच्या जिवाला धोका आहे, तेव्हा राडारोडा आजच उचलायला पोलिसांचे ना हरकत पत्र द्यावे. सगळे टाइप करून आणलेले. माणूस किती तत्पर आहे, असे मला वाटले. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी इतका तत्पर असलेला माणूस संशयित धरावा, हे मी नव्या फौजदारांना शिकवीत असे. स्वतःला शिकवायचे राहून गेले होते. तरीही नशीब एवढे की पत्रावर लगेच सही केली नाही. पालिकेच्या अभियंत्याने पाहणी केल्यावर बघू, म्हणून त्याला परत पाठवले.

तो बाहेर पडला आणि बाई आत आल्या. बाई म्हणजे कारखान्याच्या मागच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. आमच्या ठाण्यात त्यांच्या तक्रारींची स्वतंत्र फाइल होती. रिक्षा आडवी लावली, कर्णा मोठ्याने लावला, कबुतरांना दाणे टाकले, अशा कशावरही बाईंचा अर्ज येई आणि त्यात एकही चूक नसे. त्यांना येताना पाहून ठाणे अंमलदार चहाला निघून जात.

"बसा बाई. आज काय?"

"बसायला आले नाही. काल तुमच्या शिपायाला सांगायला गेले तर तो म्हणाला, लेखी द्या. दिलं असतं, पण तुमच्याकडे माझं लेखी कोणी वाचतं असा माझा अनुभव नाही."

हे खरेच होते.

"परवा दुपारी," बाई म्हणाल्या, "त्या मागच्या भिंतीपाशी एक म्हातारा बसून पायाचे दगड काढत होता. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. दगडांना हात लावण्याआधी त्याने चपला काढल्या, नारळ फोडला आणि भिंतीला नमस्कार केला. अहो, भिंतीला! देवळात चपला काढायला कंटाळणारी माणसं मी रोज पाहते. भिंतीपुढे चपला काढणारा पहिलाच पाहिला. म्हणून लक्षात राहिला."

"परवा म्हणजे अमावास्येच्या आदल्या दिवशी?"

"परवा म्हणजे परवा. गणित शिकवायचे मी."

बाई गेल्या आणि रायटरने आपला मोबाइल माझ्यापुढे धरला. पंचनाम्याच्या वेळी काढलेल्या एका फोटोत, अगदी कोपऱ्यात, नारळ आला होता. मी सोडलेला नारळ त्याच्या फोटोने सोडला नव्हता. फोटो मोठा करून पाहिला. नारळ सुकू लागलेला होता, म्हणजे त्या दिवशीचा नव्हता. आणि रायटर म्हणाला ते मला आधीच सुचायला हवे होते: "साहेब, उतारा तिठ्यावर टाकतात. भिंतीच्या पायाशी दगडाला हळदकुंकू लावून कोण टाकतो?"

मी सुपरवायझरला पुन्हा बोलावले. भिंतीच्या पायाला कोणी हात लावला होता, असे विचारल्यावर त्याचा चेहरा एकदम दुःखी झाला. फाइलमधून त्याने आणखी एक कागद काढला. पाया दुरुस्त करण्याची रीतसर परवानगी होती. "पायाचे दगड झिजले होते, साहेब. चुन्याचं काम येणारा मिस्त्री आता मिळत नाही, मोठ्या मुश्किलीने एक शोधला. वय झालंय त्यांचं. काहीतरी चुकलं असणार. मी सकाळीच सांगणार होतो, पण म्हातारा माणूस, कशाला अडकवायचा, म्हणून गप्प बसलो."

म्हाताऱ्याला वाचवायला गप्प बसलेला हा सज्जन मला पटला. माणूस खोटे बोलतो तेव्हा घाम येतो, नजर चुकवतो, असे लोकांना वाटते. माझा अनुभव असा की खोटे बोलणारा पुष्कळदा दुसऱ्याची कीव करीत बोलतो.

मिस्त्री शहराच्या पूर्वेला, खराडीच्याही पलीकडे एका गावात राहत होते. दोन जवान त्यांना घेऊन आले. वय सत्तरीचे, अंगात धुतलेला सदरा, टोपी, हाताची बोटे दगडासारखीच जाड आणि चुन्याने कडा पांढऱ्या झालेल्या. खुर्चीवर बसा म्हटले तर बाकावरच बसले. दोन तास आम्ही विचारत होतो आणि ते जमिनीकडे पाहत होते. चहा समोर ठेवला, त्यावर साय धरली, पण घेतला नाही. आमचा एक तरुण फौजदार आवाज चढवायला लागला तेव्हा मी त्याला बाहेर पाठवले. घाबरून गप्प बसणारा माणूस वेगळा आणि लाजेने गप्प बसणारा वेगळा. पहिल्याला दरडावले तर तो बोलतो, दुसरा आणखी आत जातो. हा फरक मला ओळखता येत होता. लाज कशाची, हे मात्र मी ओळखले नाही.

शेवटी मी एवढेच विचारले, "मिस्त्री, नारळ कशाला फोडला?"

त्यांनी पहिल्यांदा वर पाहिले.

"नारळ फोडल्याबिगर उभ्या भिंतीला हात लावायचा न्हाय, सायब. आमच्यात रीत हाय. नवी बांधताना समदेच फोडत्यात. जुनीला हात लावताना बी फोडायचा. ज्यानं बांधली त्याची माफी मागायची, तुझं काम उसवतो, नीट करून देतो म्हनून." मग त्यांचा आवाज फुटला. "न्हाय झालं नीट. माझ्या हातनं पडली. त्या वाचमनचा पाय माझ्यापायी गेला. लिवून घ्या, मी अंगठा देतो."

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे कायदा शिकलेल्या कोणालाही माहीत असते. पण ठाण्यात तो ऐकला की छातीवरचा दगड उतरतो, हे फक्त पोलिसांना माहीत असते. प्रकरण सुटले होते. निष्काळजीपणाने दुखापत, आरोपी कबूल, साक्षीदार बाई, कागदोपत्री परवानगी जागेवर. बिल्डर सुटला, वारस सुटले, मीही सुटलो. संध्याकाळपर्यंत अटकेचे कागद तयार झाले.

मिस्त्रींचा जबाब त्यांना वाचून दाखवायचा राहिला होता. रायटर वाचू लागला: पायाचे दगड तीन ठिकाणी काढले, तिथे तात्पुरते टेकू दिले, अमावास्येला काम बंद ठेवून प्रतिपदेला पुढचे काम करणार होतो, वगैरे. मिस्त्री मान हलवीत होते. पेनाचे टोपण काढून मी बसलो होतो. वाचन संपल्यावर ते हात जोडून म्हणाले, "सायब, एक मागणं हाय."

मला वाटले, घरी निरोप द्या म्हणतील. तेच म्हणतात सगळे.

"माझं टेकू राडारोड्यात टाकू नका. सा टेकू हायत, बाभळीचं. बापापासनं वापरात हायत. पोराच्या हाती द्या, येईल तो."

तुरुंगात जायला निघालेला माणूस लाकडाच्या सहा ठोकळ्यांची काळजी करतो आहे, हे ऐकून आधी मला हसू आले. मग मी रायटरकडे पाहिले आणि रायटरने माझ्याकडे. त्याने पंचनामा उघडला. दगड, कौले, चुना, वॉचमनची चप्पल. लाकूड कुठेच नव्हते.

"तुम्ही पाहिले होते का टेकू?" मी रायटरला विचारले.

"नाही साहेब. पण नारळ तरी कुठे लिहिला होता आपण?"

त्याला टोमणा मारण्याचा पूर्ण अधिकार होता. मी टोपण पेनाला लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंच, पालिकेचे अभियंता आणि मिस्त्री यांना घेऊन आम्ही कारखान्यात गेलो. सुपरवायझरने राडारोडा उचलायला चार मजूर आणि गल्लीच्या तोंडाशी डंपर आणूनच ठेवला होता. त्याला बाजूला उभा केला आणि ढीग हाताने उपसायला लावला. दुपार झाली. एकेक दगड बाजूला होत गेला. मिस्त्री कडेला उकिडवे बसून होते. दगड कमी होत गेले तसे ते उठून जवळ आले, मग वाकले, मग स्वतःच दगड सरकवू लागले. पायाची जमीन उघडी पडली. त्यांनी दगड काढलेल्या तीनही खाचा स्वच्छ दिसत होत्या. टेकू एकही नव्हता, मोडका नाही, तुकडा नाही.

"पडली आसती, तर टेकू खाली घावलं आसतं," मिस्त्री हळूच म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते. "मोडून का हुईना, खाली घावलं आसतं."

अभियंता गुडघे टेकून बसले. तिन्ही खाचांच्या तोंडाशी मातीत एकाच दिशेला ओढल्याच्या खुणा होत्या, मागच्या फाटकाकडे जाणाऱ्या. ते उठले आणि म्हणाले, "टेकू निसटले नाहीत. ओढून काढलेत."

त्या क्षणी मिस्त्रींकडे मी पाहिले. कालपासून खांदे पाडून बसलेला माणूस सरळ उभा राहिला. सुटलो म्हणून नव्हे. सुटण्याचा विचार त्यांच्या डोक्यात आलाच नव्हता. आपले काम पडले नाही, हे त्यांना कळले होते. इकडे माझी मान खाली गेली. त्यांना लाज वाटत होती ती गुन्ह्याची नव्हती. पन्नास वर्षांत पहिल्यांदा आपला टेकू निसटला, अशी त्यांची समजूत झाली होती, आणि त्यापुढे तुरुंग त्यांना किरकोळ वाटत होता.

पुढचा तपास सरळ होता. सुपरवायझरला ठाण्यात आणले तेव्हा त्याचा दुःखी चेहरा गेला होता. अमावास्येला त्या जागी कोण होते, असे विचारताच तो हसून म्हणाला, "साहेब, अमावास्येला पुण्यात एक गवंडी कामावर दाखवा. तांबटसुद्धा नव्हते. आमचं काम बंद होतं, हजेरीपट बघा."

"टेकू लावायला गवंडी लागतो," मी म्हणालो. "ओढायला कशाला लागतो?"

तो हसायचा थांबला. पुढचे दाखवले ते गल्लीच्या तोंडाशी असलेल्या डेअरीच्या कॅमेऱ्याने. त्यात अमावास्येला दुपारी साडेतीनला एक छोटा टेम्पो आत जाताना दिसत होता आणि चारला पाच मिनिटे असताना बाहेर पडताना. टेम्पो त्याच बिल्डरच्या कामावरचा निघाला. चालक पहिल्या तासातच बोलला. टेकूंना दोर बांधला, दोराचे दुसरे टोक टेम्पोला, आणि गाडी पुढे घेतली. पंचांसमोर निवेदन करून त्याने टेकू काढूनही दिले. खराडीतल्या त्यांच्या दुसऱ्या साइटवर, फळ्यांच्या ढिगाखाली. सहाच्या सहा, प्रत्येकावर गेरूचे दोन पट्टे, मिस्त्रींची खूण. एकही मोडला नव्हता, नुसते दोराचे वळ होते.

ते टेकू त्यांनी तिथेच दगडाखाली जाऊ दिले असते, तर मिस्त्री आज गजाआड असते आणि मी त्यांना तिथे पाठवल्याचे समाधान घेऊन निवृत्त झालो असतो. पण दोराचे वळ कोणी पाहील म्हणून त्यांनी ते उचलून नेले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते उगाच नाही. यादीतल्या इमारतीचा पाया उघडायचा, दोष द्यायला एक म्हातारा हाताशी ठेवायचा, तांबटांच्या सुटीचा दिवस निवडायचा, एवढी अक्कल होती. म्हातारा आपल्या लाकडांची चौकशी करील, हे त्यांच्या हिशेबात नव्हते. आणि खरे सांगायचे तर माझ्याही नव्हते.

वॉचमनला आठव्या दिवशी शुद्ध आली. पाय वाचला, पण लंगडा झाला. जबाब घ्यायला मी स्वतः गेलो. त्याला भिंत पडल्याचे काहीच आठवत नव्हते. "त्या सुपरवायझरनं मले मार्केट यार्डात सामान आणाले पाठवलं होतं जी," तो म्हणाला. "बस स्टॉपवर गेलो न् ध्यानात आलं, फोन चार्जिंगलेच राहिला. तो घ्याले परत आलो. बाकी मले काही आठवत नाही." म्हणजे इमारत रिकामी असावी, एवढी काळजी सुपरवायझरने घेतली होती. विसरलेल्या फोनने घात केला.

मिस्त्री त्याच्या खाटेपाशी पोचले होते, हे मला नंतर नर्सकडून कळले. ठाण्यातून सुटल्या दिवसापासून रोज येत. स्टुलावर बसत, घरून आणलेली भाकरी ठेवून जात. वॉचमनला शुद्ध आल्यावर त्याने विचारले, हे बाबा कोण? नर्सने सांगितले, नातेवाईक असतील. दोघांनीही ते दुरुस्त केले नाही.

सुपरवायझर आणि चालक यांच्यावर दोषारोपपत्र दाखल झाले. त्यांना सांगणारा वरचा कोण, ते प्रकरण कोर्टात आहे, म्हणून त्याविषयी लिहीत नाही. इमारत राहिली. अभियंत्यांनी उरलेल्या भागाला धोका नाही असे लेखी दिले आणि पडलेली भिंत जुन्याच दगडांनी पुन्हा बांधायचा आदेश निघाला. चुन्याचे काम येणारा मिस्त्री शहरात शोधावा लागला नाही.

पण ते पुढे. त्याआधी एके दिवशी दुपारी मिस्त्री ठाण्यात आले. टेकू मुद्देमाल म्हणून आमच्या कोठारात जमा होते, ते परत मागायला आले असतील, असे मला वाटले. ते सुटायला कोर्टाचा हुकूम लागेल, असे मी सांगू लागलो.

"ऱ्हाऊ द्या, सायब. कोर्ट सोडंल तवा सोडंल." ते उभेच होते. "मला कागद पाहिजे."

"कसला कागद?"

"गावात समदी म्हनत्यात, मिस्त्रीची भिंत पडली, मानूस चेपला. मी सांगतो, न्हाय पडली, वढून पाडली. कोन ऐकंना. म्हनत्यात, पोलिसांनी नेला हुता की तुला." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "माझं टेकू निसटलं न्हाईत, एवढं लिवून द्या. सरकारी शिक्क्यानं."

असा दाखला देण्याची तरतूद पोलीस नियमावलीत कुठेही नाही. चारित्र्याचा दाखला आहे, हरवल्याचा दाखला आहे. एखाद्याचे काम पक्के होते, याचा दाखला नाही. मी तसे सांगितले असते तर ते निमूट निघून गेले असते, आणि नियमाप्रमाणे मी बरोबर ठरलो असतो. दोन महिन्यांपूर्वी ह्याच टेबलावर नियमाप्रमाणे बरोबर असलेले कागद घेऊन मी बसलो होतो. त्यांना गावातून पोलिसांच्या गाडीत नेले ते मीच नेले होते.

मी रायटरला गाडी काढायला सांगितली. दोषारोपपत्राची कार्यालयीन प्रत घेतली, अंगावर पूर्ण गणवेश चढवला आणि मिस्त्रींना पुढच्या सीटवर बसवून त्यांच्या गावी गेलो. चावडीपुढे गाडी थांबली तसे लोक जमले. पोलिसांनी पुन्हा आणला म्हणून कोणी बोललेही असेल. मी उभा राहिलो आणि अभियंत्यांच्या अहवालाचा उतारा मोठ्याने वाचला. भाषा आमची नेहमीचीच, रुक्ष: सदर ठिकाणी दिलेले सहा लाकडी टेकू योग्य प्रकारे बसविलेले होते, ते भाराने निसटलेले किंवा मोडलेले नाहीत, ते बाहेरून दोर लावून हेतुपुरस्सर काढण्यात आले, त्यामुळेच भिंत कोसळली.

एक म्हातारबा पारावरून उठून मिस्त्रींशेजारी येऊन उभे राहिले.

नोकरीने मला माणसे खोटे का बोलतात हे शिकवले होते. ह्या प्रकरणाने हे शिकवले की चांगला माणूस कधीकधी न केलेल्या गुन्ह्याची कबुली देतो, आणि ती आपण आनंदाने लिहून घेतो, कारण आपले काम संपते. त्यानंतर कोणी चटकन कबूल झाले की मी पंचनामा पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचत असे.

कागद घडी करून मी खिशात ठेवायला लागलो, तेव्हा मिस्त्रींनी माझ्या बाहीला हात लावला. वर्दीला हात लावताना ते घाबरले नाहीत, ते पहिल्यांदाच.

"सायब," ते म्हणाले, "पोरगं शेतातनं आत्ता आलंय. त्यानं न्हाय ऐकलं. पुन्यांदा वाचता का?"

मी पुन्हा वाचले.